बारामतीचे कोष, येवल्याचा ग्राफ

बारामतीला रेशीम बघायला चालले आहे म्हटल्यावर पुण्यातली मंडळी हटकून म्हणाली, "बारामतीला? तिथं तर ऊस!" ऊस आहेच. पण स्वारगेटहून निघालेली एसटी जेजुरी-मोरगावच्या रस्त्यानं तालुक्यात शिरते तेव्हा आधी लागतो तो जिरायती पट्टा. ज्वारी-बाजरीची रानं, बाभळी, मेंढरांचे कळप. उसाची हिरवळ दिसू लागते ती पुढं, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. 1885 च्या सुमारास हा कालवा वाहता झाला आणि बारामती-इंदापूरच्या शेतीची रीतच बदलली. रेशमाचा किडा जिच्या पाल्यावर वाढतो त्या तुतीला मात्र कालव्याची तितकी गरज नाही. उसाच्या मानानं तिला पाणी पुष्कळ कमी लागतं, एकदा लावली की दहा-पंधरा वर्षं हलत नाही, आणि वर्षाला चार-पाच वेळा हातात पैसा येतो. म्हणून अलीकडे या भागात तुतीची रानं दिसू लागली आहेत. दुरून अंबाडीसारखी वाटतात, जवळ गेल्यावर पानांची चकाकी वेगळी कळते.

मला खरं तर किड्यांपेक्षा कागदात रस होता. पैठणीच्या पदरावरचा मोर आधी कुठल्या तरी कागदावर, चौकोनाचौकोनांनी रंगवलेला असतो. तो कागद कोण रंगवतं, कसा रंगवतं आणि साडी मागावरून उतरल्यावर त्या कागदाचं काय होतं, हे शोधायचं होतं. त्यासाठी पैठणी विणणारं येवला सरळ गाठता आलं असतं. पण धाग्यापासून सुरुवात केली की त्या कागदावरच्या एका चौकोनाची किंमत नीट कळते, अशी माझी समजूत होती. म्हणून बारामती.

बारामतीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीनं रेशीम कोषांचा बाजार सुरू केला आहे. त्याआधी इकडच्या शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात, बेंगळुरूजवळच्या रामनगरला जावं लागे. आशियातला कोषांचा सगळ्यात मोठा बाजार म्हणून रामनगर प्रसिद्ध आहे. राज्यात 2018 मध्ये जालन्याला कोषांचा बाजार सुरू झाला आणि त्या वाटेनं बारामतीही आली. कोष हा साठवून ठेवायचा माल नव्हे. आतला किडा दहा-बारा दिवसांत पतंग होऊन कोष फोडतो, आणि भोक पडलेल्या कोषातून सलग धागा निघत नाही. रामनगरला पोचेपर्यंत वजन घटायचं, दर पडला तरी माल परत आणायची सोय नसायची. दोन तासांच्या वाटेवर बाजार आला याचं मोल त्या रात्रीच्या प्रवासानं डोळे तांबारलेल्या माणसालाच ठाऊक.

बाजारात भाजीसारखा गलका नसतो. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पांढरेशुभ्र कोष ओतलेले असतात आणि व्यापारी मूठभर कोष उचलून बराच वेळ काही न बोलता बघतो. अंगठ्यानं दाबून कवच किती कडक आहे ते तपासतो. एखादा कानाशी नेऊन हलवतो. आत सुकं, स्वच्छ खडखडलं तर किडा धड आहे. बद्द आवाज आला तर तो आत मेला आहे, कवचाला डाग पडणार आणि उकळताना धागा तुटणार. मग तो पोचट कोष वेगळे काढतो, डागी वेगळे, आणि दोन किड्यांनी मिळून केलेले जोड कोष वेगळे. या जोड कोषांतून दोन धागे गुंतून येतात, त्यामुळे त्यांचा दर कमी. शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी समजूत घातली, "माणसाच्या घरात दोघं असावीत, ह्यांच्या घरात एकानंच राहावं." ते बोलले आणि पुन्हा आपल्या क्रेटकडे नजर लावून बसले. दर कळेपर्यंत कुणाचं कशात लक्ष नसतं.

गावात आलेच होते म्हणून कऱ्हेकाठच्या बाबूजी नाइकांच्या वाड्याकडे वळले. बाबूजी नाईक पेशव्यांचे सावकार. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई याच जोशी-नाइकांच्या घरात दिलेली. सोयरीक असूनही बाजीरावांनंतर पेशवाई आपल्याला मिळावी म्हणून बाबूजींनी खटपट केली होती, ती फसली. अशा घरात भारी वस्त्रांची ये-जा असणारच. पेशवे दप्तरातल्या पत्रांत माधवराव पेशव्यांनी असावली नक्षीचे दुपट्टे मागवल्याचे उल्लेख आहेत. रंगही सांगितले आहेत: तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. अशा मागणीत मला जाणवतं ते हे, की नक्षीचं नाव आणि रंग सांगितले की काम भागत होतं. असावली म्हणजे फुलांची वेल, ती कशी काढायची हे विणकराच्या बोटांत होतं. नमुना काढून पाठवायची गरज पुण्याच्या कारकुनालाही वाटली नाही आणि पैठणच्या कोष्ट्यालाही.

याच नाइकांच्या आश्रयानं मोरोपंत बारामतीत राहिले. 1729 ते 1794 हा त्यांचा काळ. शाळेत आपल्याला त्यांच्या आर्या पाठ करायला लावतात आणि मग आपण त्यांचं नाव काढत नाही. पण विणकामाच्या वाटेवर असताना मला त्यांच्या रामायणांचं भारी कौतुक वाटलं. शंभराहून अधिक रामायणं लिहिली त्यांनी, आणि बऱ्याच रामायणांना स्वतःहून एकेक अट घातली. एकात ओठ मिटून उच्चारायचं अक्षरच येऊ द्यायचं नाही, ते निरोष्ठ रामायण. एकात प्रत्येक पद्यात 'परंतु' आला पाहिजे. मंत्ररामायणात राममंत्राची अक्षरं ठरल्या जागी बसवलेली. मात्रा मोजायच्या, जागा ठरवायच्या, अक्षर त्या घरातच बसवायचं आणि वाचणाऱ्याला मोजणी दिसू द्यायची नाही. पुढं येवल्यात मागाजवळ बसल्यावर हे पंत पुन्हा आठवले, ते उगाच नव्हे. आज मात्र बारामतीत कापडाचं काम म्हणजे एमआयडीसीतल्या टेक्सटाइल पार्कमधली शिलाई. तिथं बायकांच्या हाताला काम मिळालं ही मोठी गोष्ट, पण रेशमी मागाशी त्या शिलाईचा संबंध नाही. कोषांचा पुढचा प्रवास बहुतांशी बाहेरगावचाच.

बारामती-इंदापूर हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. काटेवाडीत परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढं भवानीनगर, लासुर्णे, मग ज्या नाक्याला सगळे नुसतं जंक्शन म्हणतात ते ठिकाण. तिथून आत वालचंदनगर, वालचंद हिराचंदांनी उसाच्या कारखान्याभोवती वसवलेलं गाव. निमगाव केतकीचे पानमळे बघत पुढं गेलं की इंदापूर. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी इथं आहे. त्यापलीकडे महामार्ग, आणि उत्तरेला उजनीचं पाणी. पक्षी बघणारे भिगवणला थांबतात. मला थांबायचं होतं रेशीमकिड्यांच्या एका शेडवर.

शेडच्या दाराशी किडे सांभाळणाऱ्या ताईंनी आधी माझी झडती घेतली. "चपला भायेर. आणि सेंट लावलाय का?" नव्हता लावला. दाराशी चुन्याची भुकटी पसरलेली होती, तिच्यातून पाय टाकून आत गेले. लोखंडी मांडणीवर एकावर एक चार मजले, चारी बाजूंनी जाळी, आणि मजल्यामजल्यांवर तुतीच्या आख्ख्या फांद्या. पानं खुडून घालायचे दिवस गेले, आता फांदीच अंथरतात, मजूर कमी लागतो. फांद्यांवर बोटभर लांबीच्या पांढऱ्या अळ्या. बघता बघता त्या अख्ख्या मजल्यावरचा पाला नुसता दांड्यांवर आला.

ताईंचं गणित तोंडपाठ होतं. एका मादीनं घातलेली अंडी म्हणजे एक अंडीपुंज, त्यात साधारण चार-पाचशे अंडी. शंभर अंडीपुंजांची बॅच घेतली की चाळीस-पन्नास हजार जीव सांभाळायचे. पहिल्या दोन अवस्था चॉकी केंद्रात होतात. तिथून आठ-दहा दिवसांची पिल्लं आणायची. किडा चार वेळा कात टाकतो. कात टाकताना तो डोकं वर करून निश्चल बसतो, खात नाही. त्याला झोप म्हणतात. झोपेत पाला घालायचा नाही, वर चुना भुरभुरायचा. पाचव्या अवस्थेत मात्र भूक अशी की आयुष्यभराच्या खाण्यातलं ऐंशी टक्क्यांहून अधिक खाणं याच सात-आठ दिवसांत. "त्या आठवड्यात आमच्याकडं पाव्हणे आलेले चालत न्हाईत," ताई म्हणाल्या. "लग्नाची तारीखसुदा बॅच बघून धरतो."

सगळ्यात धास्ती रोगाची, आणि त्याहून शेजाऱ्याच्या फवारणीची. इंदापूर तालुका डाळिंबाचा आणि द्राक्षांचा. बांधापलीकडे औषध मारलं आणि वारा इकडचा असला तर तुतीच्या पानावर ते बसतं, आणि संध्याकाळी शेडमध्ये अळ्या माना टाकतात. तंबाखूचंही तसंच. या घरातल्या मालकांची वीस वर्षांची तंबाखू बायकोनं सांगून सुटली नव्हती, ती किड्यांपायी सुटली. सरकारी जाहिरातींत रेशीम शेती म्हणजे हमखास उत्पन्न, असं लिहिलेलं असतं. हमखास वगैरे काही नसतं. चार आठवडे डोळ्यांत तेल घालून बसायचं आणि मग दराची वाट बघायची, हे त्याचं खरं रूप. तरीही महिन्याभरात माल विकला जातो, उसासारखं दीड वर्ष थांबावं लागत नाही, म्हणून माणसं यात टिकून आहेत.

एका मजल्यावर चंद्रिका टाकल्या होत्या. प्लास्टिकची ती घडीची जाळी, जिच्या खाचांत अळी शिरून कोष करते. पिकलेली अळी जरा पिवळसर, पारदर्शक होते. तिच्या तोंडाशी बघत बसले. डोकं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीला डोळ्यांना जेमतेम दिसणारा धागा मागं उरतो. असं ती सलग दोन-तीन दिवस करते. चांगल्या दुबार जातीच्या कोषातून सुमारे हजार मीटर सलग धागा निघतो. एक किलो कच्च्या रेशमाला साडेसहा-सात किलो कोष लागतात, आणि पुढं उकळून डिंक काढला की त्या रेशमाचं वजन आणखी चौथ्या हिश्श्यानं घटतं. पैठणीत साधारण अर्धा किलो रेशीम धरलं तर एका साडीसाठी दोन-अडीच हजार कोष झाले. ताईंना मी हा हिशोब सांगितला. त्या म्हणाल्या, "मग माझ्या एका बॅचच्या किती साड्या व्हतील?" करून बघितलं, पंधरावर गेल्या. त्यांच्या स्वतःच्या कपाटात हातमागाची पैठणी एकही नव्हती. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

इंदापूरहून बावड्याच्या बाजूनं नीरा नरसिंहपूरला जाता येतं. तालुक्याचं हे शेवटचं टोक, भीमा-नीरेचा संगम. लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ भक्कम, काळ्या दगडाचे घाट थेट पाण्यात उतरलेले. सणाचा दिवस नसेल तर इथं निवांतपणा मिळतो. या देवळाचं बांधकाम पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचं. नरसिंह हे त्यांचं कुलदैवत. देवळात आलेला माणूस फलकावरचं ते नाव वाचून पुढं जातो. मी मात्र थबकले, कारण माझ्या पुढच्या मुक्कामाचं धनीपणही याच सरदाराकडे होतं. माधवराव पेशव्यांनी येवला विठ्ठल शिवदेवांना जहागिरीत दिलं होतं. संगमावरच्या या देवाचा भक्त आणि पैठणी विणणाऱ्या गावाचा जहागीरदार एकच. इंदापूरच्या कोषाचं येवल्याशी नातं असलंच तर ते असं आडवळणानं, देवळाच्या पायऱ्यांवरून.

टेंभुर्णी, करमाळा, नगर, शिर्डी, कोपरगाव करत येवला. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल वर्तमानपत्रं पुरेसं लिहितात.

येवल्यात दुकानं पुष्कळ आहेत आणि दुकानदार आग्रही आहेत. माग बघायचा तर गल्लीत शिरावं लागतं. मी ज्या घरात बसले तिथं पुढच्या खोलीत खड्डामाग होता. विणकर दादा खड्ड्यात पाय सोडून बसलेले. उभे धागे जांभळे, आणि पदराचा भाग चालू असल्यामुळे समोर जरीची सोनेरी पट्टी हळूहळू वाढत होती. धाग्यांच्या खाली, दोन टाचण्यांनी अडकवलेला एक कागद. बारामतीपासून ज्याच्यासाठी निघाले होते तो हाच. येवल्यात त्याला सगळे ग्राफ म्हणतात.

छापील बारीक चौकोनांचा कागद. त्यावर पोस्टर रंगानं आणि काही ठिकाणी स्केचपेननं भरलेला मोर, बांगडीच्या गोलात बसलेला. घडीवर चिकटपट्टी लावलेली, कडेला चहाचा डाग, समासात पेन्सिलीनं आकडे. लांबून बघितलं तर मोर. नाकाशी धरलं तर नुसते चौकोन. प्रत्येक वळण म्हणजे जिना: दोन चौकोन आडवे, एक वर, पुन्हा दोन आडवे, मग एक आडवा, एक वर. मानेचा डौल येतो तो हा जिना कुठं लांबवायचा आणि कुठं मोडायचा यावर. मोराचा डोळा किती मोठा? एक चौकोन. तो एक चौकोन डावीकडे सरकला की मोर बावळट दिसतो, असं दादा म्हणाले, आणि शेजारच्या एका जुन्या ग्राफवर तसा बावळट मोर दाखवलाही.

इथं चित्रकाराला एक गोष्ट कळावी लागते. कापडात एका इंचात उभे धागे जितके, तितकेच आडवे बसतात असं नाही. ते प्रमाण बिघडलं की कागदावर कंपासनं काढलेलं वर्तुळ कापडावर अंड्यासारखं येतं. म्हणून बांगडी कागदावर मुद्दाम चपटी किंवा उभट काढतात, ती मागावर गोल होते. चांगलं चित्र काढणारा माणूस आणि चांगला ग्राफ काढणारा माणूस यांत हाच फरक. कागदावर जे देखणं दिसतं ते कापडावर फसू शकतं, आणि कागदावर बेढब वाटणारा मोर पदरावर नाचतो.

आणखी एक गंमत. ग्राफवरचे रंग साडीचे नसतात. कागदावर मोर लाल होता, मागावर तो हिरवा विणला जात होता. तिल्ली म्हणजे रेशमाची छोटी गुंडाळी. लाल म्हणजे फक्त "ही पहिली तिल्ली", पिवळा म्हणजे "ही दुसरी". घरात जो रंग उरला असेल तो भरायचा. नक्षीही बहुधा अर्धीच काढलेली असते. उजवी बाजू डावीवरून उलटी वाचायची, आणि ते वाचन विणकराच्या मनात होतं.

वाचन मनात आणि काम बोटांत. पदरावर त्या ओळीत जितके रंगबदल तितक्या तिल्ल्या लोंबत असतात. दादा डाव्या हातानं मोजून उभे धागे उचलत, उजव्या हातानं तिल्ली त्यांच्याखालून काढत, आणि जिथं हिरवा संपून जर सुरू होते तिथं दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत वळवत. एक ओळ झाली की फणी दोनदा आपटायची. नक्षी दाट असेल तर दिवसभरात इंच-दोन इंच. या अडकवण्यामुळेच अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. साडी घेताना पदर उलटा करून बघा, मागं तुटके, लोंबते धागे दिसले तर ते जॅकार्ड यंत्राचं काम आहे. ते वाईट नसतं, पण त्याची किंमत वेगळी असायला हवी. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुकानात हा फरक न विचारता कुणी सांगत नाही.

दादांना विचारलं, हा ग्राफ कुणी काढला? म्हणाले, "आमच्या चुलत्यांनी. त्यांनी एका जुन्या साडीवरनं उतरवला व्हता." आणि ती साडी कुणी विणली? हसले. जुन्या साड्या जरीसाठी जाळल्या गेल्या, वितळलेल्या चांदीचे पैसे झाले. ग्राफ फाटला की त्यावरून नवा काढतात आणि जुना चुलीत जातो. त्याआधीच्या पिढ्यांनी तर कागद वापरलाच नाही. बनारसला नक्षबंद नावाची वेगळी जातकुळी होती. ते कागदावर चित्र काढून मग दोऱ्यांचा नमुना बांधत आणि तो नमुना मागावर चढवत. पैठणीच्या पदराला तसल्या यंत्राची गरज नव्हती, कारण मोजणी बोटांतच होती. त्यामुळे असावली, नारळी, मुनिया, बांगडी मोर ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आली, पण ती पहिल्यांदा कुणी मांडली याचा कागद उरला नाही.

दुसरीकडे काय झालं ते बघण्यासारखं आहे. मोरोपंतांच्या जन्माच्या आसपास, 1720 नंतरच्या वर्षांत, इंग्लंडमध्ये ॲना मारिया गार्थवेट नावाची एका पाद्र्याची मुलगी रेशमी कापडाच्या नक्ष्या काढू लागली. पुढं ती लंडनच्या स्पिटलफील्ड्स या विणकरवस्तीत राहायला गेली. माग तिनं चालवला नाही. ती जलरंगात फुलं काढायची, वेली काढायची, आणि विणकरांना विकायची. बऱ्याच कागदांवर तारीख आणि घेणाऱ्याचं नाव. 1763 मध्ये ती गेली. तिचे आठशेहून अधिक कागद आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि त्यातल्या काही नक्ष्यांचं प्रत्यक्ष विणलेलं कापडही सापडलं आहे. फ्रान्समधल्या लियाँ शहरात तर चौकोनी कागदावर रंग भरणारे चित्रकार हा स्वतंत्र पेशा होता. 1804 मध्ये तिथल्याच जाकारनं (जॅकार्ड हे नाव त्याचंच) छिद्रांच्या पत्त्यांवर चालणारा माग सिद्ध केला, तो याच चौकोनांवर: भरलेला चौकोन म्हणजे भोक, रिकामा म्हणजे नाही. त्या भोकांच्या पत्त्यांपासून पुढं संगणकापर्यंत गेलेली वाट पुष्कळांना माहीत असते, तिच्या आधीचा रंगवलेला कागद मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे कागदावरच्या नक्षीला सरकारी आश्रय मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं 1956 पासून विणकर सेवा केंद्रं निघाली, त्यात मुंबईचं एक. तिथं चित्रकार नोकरीला ठेवले, त्यांनी नक्षी रंगवायची, ती ग्राफवर उतरवायची, केंद्रातल्याच मागावर नमुना विणून बघायचा आणि मग विणकरांना द्यायची. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन या केंद्रात होते. आपले प्रभाकर बरवे 1961 मध्ये लागले, काही वर्षं बनारसच्या केंद्रात काढून मुंबईला परतले आणि बरीच वर्षं ही नोकरी केली. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारा, घड्याळ, पान, टाचणी असल्या वस्तू मोकळ्या अवकाशात ठेवून बघणारा हा चित्रकार दिवसा कापडाच्या नक्ष्या रंगवत होता. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यांच्या वह्यांचंही खूप कौतुक झालं. बरव्यांची चित्रं लाखोंत विकली जातात. केंद्रासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगवलेली नक्षी कुठल्या गावच्या कुठल्या साडीवर गेली, ते साडी नेसणारीला कळायचा मार्ग नाही. माझ्या मते बरव्यांच्या चित्रातली ती नेमकी, मोजून ठेवलेली जागा काही अंशी या चौकोनी कागदांनी घडवली. चित्रकलेवर लिहिणाऱ्यांनी ही बाजू जरा अधिक तपासायला हवी.

आता येवल्यात ग्राफ संगणकावर होऊ लागले आहेत. मला त्याचं दुःख नाही. चौकोन भरायचे ते माऊसनं भरले काय आणि कुंचल्यानं भरले काय, डोळ्याचा तो एक चौकोन कुठं ठेवायचा हे माणसालाच ठरवावं लागतं. काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. संगणक आल्यावर हातानं रंगवलेले जुने कागद निकामी ठरतील आणि उरलेसुरलेही रद्दीत जातील. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं जपली आहेत, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत. तिथं पदराशेजारी त्याचा ग्राफ लावायला किती जागा लागेल? एक हात बाय दीड हात.

निघताना दादांनी तो बावळट मोराचा ग्राफ मला देऊ केला, नाही तरी टाकूनच द्यायचा आहे म्हणाले. मी घेतला नाही. त्यांच्या मुलीला, जी शेजारी बसून बारावीचा अभ्यास करत होती, तिला मागच्या बाजूला चुलत-आजोबांचं नाव लिहायला सांगितलं. तिनं साल विचारलं, दादांनी डोकं खाजवलं, शेवटी "पहिला टीव्ही आला ते वर्ष" असं काहीतरी ठरलं आणि तिनं ते तसंच लिहून टाकलं.

तुम्ही बारामतीला गेलात तर कोषांच्या बाजारात सकाळी लवकर जा, दुपारी तिथं रिकाम्या क्रेटशिवाय काही नसतं. शेडवर जायचं असेल तर आधी विचारून, अत्तर न लावता. आणि येवल्याला पैठणी घ्यायला जाल तेव्हा साडीबरोबर तिचा ग्राफ दाखवा म्हणा, त्याचा फोटो काढून घ्या, काढणाऱ्याचं नाव विचारा. विणकर मंडळींना माझं एवढंच मागणं आहे: घरात हातानं रंगवलेला एकही ग्राफ असेल तर तो चुलीत घालू नका. पाठीमागे पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा, आणि घडी न घालता सपाट ठेवा.